शाळा हलवली जात असलेल्या वर्षात शाळेचे शाळापण कसे सांभाळावे?

करवीरकन्या (धागाकर्ती)

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील ज्या शाळेत मी पाचवी ते दहावी शिकले आणि जिच्यात आज माझी मुलगी सातवीत शिकते, त्या शाळेच्या इमारतीला गेल्या मे महिन्यात कुलूप लागले. दगड-चुन्याच्या भिंती, सागवानी तुळया आणि वर मंगलोरी कौले असलेल्या त्या इमारतीचा पश्चिमेकडील भाग स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये वापरास अयोग्य ठरला आणि संस्थेने शाळा सुरू होण्याआधीच सर्व वर्ग बाहेर हलवले. त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. नवी इमारत कळंब्याच्या बाजूला उभी राहत आहे आणि पुढील जूनपर्यंत ती वापरात येईल, असे पालकसभेत सांगण्यात आले आहे. तोपर्यंत पाचवी ते सातवीचे वर्ग मंगळवार पेठेतील एका शाळेत दुपारच्या सत्रात आणि आठवी ते दहावीचे वर्ग राजारामपुरीतील एका इमारतीत सकाळच्या सत्रात भरतात.

शाळा हलवायच्या आठवड्यात मी पालक-शिक्षक संघाची सदस्य म्हणून तेथे मदतीला होते. बाके, कपाटे, प्रयोगशाळेतील काचसामान, नकाशे, लेझमी, अगदी मधल्या सुट्टीत पाणी प्यायच्या पेल्यांपर्यंत प्रत्येक वस्तूची यादी झाली, त्यावर सह्या झाल्या आणि टेम्पो भरून गेले. मात्र शाळेच्या ज्या सवयी होत्या त्यांची यादी कोणी केली नाही, आणि ते मलाही त्या वेळी सुचले नाही. आमच्याकडे शुक्रवारी शेवटच्या तासाला नववीची मुले पाचवीच्या मुलांना वाचून दाखवत असत. परिपाठात दिनविशेष सांगण्याची पाळी पटावरील क्रमाने येत असे, त्यामुळे वर्षातून निदान एकदा तरी प्रत्येक मूल माईकसमोर उभे राहत असे. दहावीची मुले निरोपसमारंभाच्या दिवशी अंगणातील चिंचेच्या पाराची डागडुजी करून, त्याला चुना लावून मगच घरी जात असत. यातील एकही गोष्ट नव्या व्यवस्थेत आपोआप बसत नाही, कारण मोठी मुले सकाळी एका पेठेत असतात आणि लहान मुले दुपारी दुसऱ्या पेठेत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलगी घरी येऊन म्हणाली, “आई, आम्ही तिथं पाहुणे आहोत.” तिला काय म्हणायचे होते ते मला दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर समजले. फळ्याच्या वरच्या तिसऱ्या भागात सकाळच्या शाळेचा सुविचार आणि हजेरीचा तक्ता होता, त्याभोवती खडूची चौकट आखलेली होती आणि खाली ‘पुसू नये’ असे लिहिलेले होते. आमच्या बाई उरलेल्या भागात वाकून, अक्षर बारीक करून गणित लिहीत होत्या. भिंतींवरची चित्रे, तक्ते, वाढदिवसांची यादी हे सारे दुसऱ्यांचे होते. त्या शाळेने आम्हांला जागा दिली हे उपकारच आहेत आणि तेथील कोणी एकही अपशब्द काढलेला नाही. तरीही अकरा-बारा वर्षांच्या मुलांनी वर्षभर आपले काहीही भिंतीवर न लावता बसावे, हे मला पाहवले नाही.

येथे अनेक शिक्षक आणि माजी विद्यार्थी लिहितात. अशा वर्षात काय जपावे, कोणत्या क्रमाने जपावे आणि कोणाच्या मदतीने जपावे, याविषयी अनुभवाचे बोल हवे आहेत.

खडूफळा

मी अडतीस वर्षे शिकवले आणि शेवटची सहा वर्षे मुख्याध्यापक होतो. भावनेचा भाग महत्त्वाचा आहे, परंतु मी आधी कागदांकडे वळतो, कारण शाळा अडचणीत येते ती तेथून.

पहिली गोष्ट जनरल रजिस्टरची. ते टेम्पोतून इतर फायलींबरोबर गेले असेल तर आजच चौकशी करावी. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरून निघतो, जन्मतारखेचा वाद त्यावरून मिटतो आणि जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदीचा उतारा शोधत लोक त्याच्याकडेच येतात. जुन्या रजिस्टरची पाने ठिसूळ झालेली असतात, बांधणी सुटलेली असते आणि कोल्हापूरचा जुलै कागदाला कधीच मानवत नाही. ते कोरड्या लोखंडी कपाटात, जमिनीपासून उंचावर ठेवावे आणि या वर्षात त्याचे प्रत्येक पान स्कॅन करून घ्यावे.

दुसरी गोष्ट पटाची. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. स्थलांतराच्या वर्षात पालक घाबरून दाखले काढतात, पट घसरतो, तुकडी तुटते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतात. मग ज्या बाई आज वाकून फळ्यावर लिहीत आहेत, त्याच पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात समायोजनाने जातात आणि नव्या इमारतीत शाळेची रीत माहीत असलेले कोणी उरत नाही. म्हणून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक वर्गशिक्षकाने प्रत्येक घरी जाऊन यावे, असे मी सुचवतो. पूर्वी आम्ही जूनमध्ये पेठेतून, गल्लीगल्लीतून फिरत असू. त्या फेरीत घरातल्या माणसांची ओळख होई आणि मूल वर्गात का गप्प बसते, हेही कळे.

आता आपण विचारलेल्या सवयींविषयी. माझ्या मते परिपाठ कोणत्याही परिस्थितीत सोडू नये. जागा नसेल तर तो वर्गातल्या वर्गात घ्यावा, परंतु दोन्ही ठिकाणी त्याचा क्रम एकच असावा, सुविचार एकच असावा आणि दिनविशेषही एकच असावा. सकाळी राजारामपुरीत दहावीच्या मुलीने जे सांगितले तेच दुपारी मंगळवार पेठेत पाचवीच्या मुलाने सांगितले, तर संध्याकाळी एकाच घरातील दोन भावंडांना बोलायला एक समान विषय मिळतो. हे वरवर किरकोळ वाटेल, पण दोन ठिकाणी विभागलेल्या शाळेला एक ठेवणारा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

दगडचुना

मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या बांधकामांच्या तपासणीचे काम करतो. या धाग्यावर पुढे ‘इमारत वाचवता आली असती का’ हा प्रश्न येईल, म्हणून आधीच लिहितो.

ऑडिटनंतर इमारतींची जी वर्गवारी होते, तिच्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक आणि तातडीने रिकामी करून पाडण्यायोग्य, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आपल्या इमारतीचा केवळ एक भाग अयोग्य ठरला असला, तरी भारवाहक भिंतींच्या बांधकामात एका भागाचा भार शेजारच्या भागावर टेकलेला असतो. दगड सहसा दगा देत नाही. दगा देतो तो सांध्यांतील चुना. कौलांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की चुना धुपतो, तुळईचे भिंतीत बसलेले टोक कुजते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून पोकळ होते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती तडकते का, हे आम्ही काही आठवडे पाहतो. ती तडकली तर भिंत अजून हलते आहे, असा त्याचा अर्थ होतो. तशा भिंतीखाली मुले बसवण्याचा सल्ला कोणताही जबाबदार अभियंता देणार नाही.

मात्र पाडण्याआधी दोन कामे अवश्य करून घ्यावीत. एक म्हणजे इमारतीची मोजमापांसह रेखाचित्रे. स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी हे काम मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, सुरक्षित भागापुरते, आनंदाने करतात. दुसरे म्हणजे उतरवता येणाऱ्या वस्तू उतरवून ठेवणे. दरवाजाची चौकट, पायरीचा घडीव दगड, नामफलक यांची नोंद निविदेतच करावी लागते, नाहीतर राडारोड्याबरोबर तेही ठेकेदाराच्या मालकीचे होते. घडीव बेसाल्टच्या पायऱ्या असतील तर त्या नव्या इमारतीच्या प्रवेशाला बसवता येतात. पिढ्यांच्या पावलांनी मधोमध झिजलेली पायरी रोज पायाखाली असणे, हे काचेच्या पेटीत ठेवलेल्या स्मृतिचिन्हाहून मला अधिक मोलाचे वाटते.

भवानीमंडप

पुण्यात राहतो, पण मन पेठेतच असते. मी याच शाळेचा असू शकेन किंवा शेजारच्या. चिंचेचा पार वाचला आणि क्षणभर थांबलो.

आपल्या गावाला संस्था हलवण्याचा अनुभव नवा नाही, हे आठवले तर धीर येईल. १८८० साली स्थापन झालेले राजाराम महाविद्यालय भवानी मंडपाशेजारच्या दगडी इमारतीत होते. पुढे ते सागरमाळाच्या बाजूला गेले आणि जुन्या इमारतीत हायस्कूल भरू लागले. आज दोन्ही ठिकाणे ‘राजाराम’ म्हणूनच ओळखली जातात आणि दोन्हींकडचे विद्यार्थी ते नाव अभिमानाने सांगतात. त्याही आधी, १९०१ पासून शाहू महाराजांनी ज्या वसतिगृहांना आश्रय दिला, त्यांतील मुले खेड्यापाड्यांतून आलेली असत. त्यांच्यासाठी सगळे शहरच नवे असे. दसरा चौकातून जाताना आजही तेथील बोर्डिंगच्या इमारती दिसतात. त्या मुलांना कोल्हापूर आपलेसे वाटले ते एकत्र जेवल्यामुळे, एकत्र अभ्यास केल्यामुळे आणि कोणीतरी आपली चौकशी करतो आहे या जाणिवेमुळे.

आर्थिक मदत हवी असल्यास आमची तुकडी तयार आहे.

करवीरकन्या

भवानीमंडप, मनापासून आभार. पैशांची गरज पडेल तेव्हा मी संकोच न करता सांगेन, परंतु आज अधिक गरज माणसांच्या वेळेची आहे. आपल्या तुकडीपैकी जे कोल्हापुरात आहेत त्यांनी शुक्रवारी दुपारी एक तास मंगळवार पेठेत येऊन पाचवीच्या मुलांना वाचून दाखवले, तर नववीची मुले नसल्याने रिकामा पडलेला तो तास भरून निघेल.

खडूफळा सर, जनरल रजिस्टर कार्यालयाबरोबर राजारामपुरीत गेले आहे. आपला प्रतिसाद वाचून मी लगेच फोन केला. ते एका खोक्यात जमिनीवर होते. आता ते कपाटात ठेवले आहे.

सकाळचंसत्र

बराच वेळ लिहू की नको असा विचार करत होते. मी अशाच एका यजमान शाळेत शिकवते. ती आपण म्हणता तीच शाळा आहे की नाही, हे सांगत नाही, परंतु फळ्यावरची ‘पुसू नये’ ही चौकट माझ्याही वर्गात आहे आणि ती मीच आखली होती.

आमच्या बाजूचेही ऐकावे, एवढीच विनंती. पाहुणी शाळा आली तेव्हा आमचे सत्र बारा वाजता संपवून वर्ग रिकामे करावे लागले. पूर्वी आमची मुले शाळा सुटल्यावर अर्धा तास मैदानात रेंगाळत. ते बंद झाले. बाकाच्या कप्प्यात ठेवलेली रंगपेटी दुसऱ्या दिवशी सापडली नाही की संशय लगेच ‘दुपारवाल्यांवर’ जातो, आणि तो बहुतेक वेळा खोटा ठरतो. हा शब्द माझ्या वर्गात पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला फार वाईट वाटले. मुलांनी ज्यांना कधी पाहिलेच नाही, त्यांच्याविषयी राग धरला होता. एकच बाक सहा तासांच्या अंतराने वापरणारी दोन मुले एकमेकांना ओळखतही नव्हती.

म्हणून आम्ही एक लहानसा प्रयोग केला. प्रत्येक बाकावर बसणाऱ्या सकाळच्या मुलाने दुपारच्या मुलासाठी एक चिठ्ठी ठेवायची: नाव, आवडता खेळ, आणि बाकाविषयी एखादी माहिती. माझ्या वर्गातील एकाने लिहिले होते, “या बाकाचा डावा पाय हलतो. मी खाली पुठ्ठा घालतो. तो काढू नकोस.” दुसऱ्या दिवशी खाली उत्तर आले होते, “पुठ्ठा भिजला होता, मी नवीन घातला.” ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. त्यानंतर ‘दुपारवाले’ हा शब्द मला वर्गात ऐकू आलेला नाही.

फळ्याचे म्हणाल, तर आपल्या बाईंनी एकदा येऊन बोलावे. आम्ही तो भाग राखून ठेवला तो सवयीने. त्यामागे आडमुठेपणा नव्हता. मागच्या भिंतीवरचा अर्धा सॉफ्टबोर्डही मोकळा करून देता येईल.

पंचगंगाकाठ

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमची शाळा शुक्रवार पेठेच्या उताराला होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तळमजल्यावरील चार वर्ग आणि कार्यालय पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखलातून जे बाहेर काढले त्यात एकही कागद धड नव्हता. खडूफळा सरांनी रजिस्टरविषयी जे लिहिले आहे ते कृपया कोणीही औपचारिकता समजू नये. ओली पाने एकमेकांना चिकटली की ती सोडवताना शाई वरच्या पानावर येते. आम्ही पानापानात टीपकागद घालून, पंख्याखाली वाळवत दोन महिने बसलो होतो आणि तरीही कित्येक नोंदी कायमच्या गेल्या.

पण मला दुसरी आठवण सांगायची आहे. आमचे वर्ग त्या वर्षी दिवाळीपर्यंत तीन ठिकाणी भरत होते. सगळ्यांत जास्त त्रास कोणाला झाला असेल, तर तो शिपाईमामांना. पूर्वी ते घंटा देत, दार उघडत, उशिरा आलेल्या मुलाला थोपवत, पडलेल्या मुलाच्या गुडघ्याला हळद लावत. तीन ठिकाणी वर्ग झाल्यावर त्यांचे काम फक्त निरोपाचे कागद पोहोचवण्याचे राहिले आणि मुलांनाही ते दिसेनासे झाले. शेवटी मुख्याध्यापिकांनी त्यांना सांगितले की, रोज एका ठिकाणी, ठरलेल्या वाराला, तुम्हीच घंटा द्यायची. इलेक्ट्रिक घंटा असली तरी त्या दिवशी ती बंद ठेवली जाई आणि मामा आमची काशाची घंटा पोत्यातून घेऊन येत. लहान मुले त्या वाराला ‘मामांचा वार’ म्हणू लागली. आपल्या शाळेत घंटा कोणती आहे आणि ती आज कोठे आहे, हे जरूर पाहावे.

उद्यमनगर_पाळी

वरील सर्व लेखन मनापासून वाचले, परंतु मला थोडे वेगळे बोलायचे आहे. मी फौंड्रीत कामाला आहे, माझी पाळी सकाळी सातला सुरू होते आणि पत्नी दोन घरी स्वयंपाक करते. मुलगा आठवीत राजारामपुरीत सकाळी जातो, धाकटी पाचवीत मंगळवार पेठेत दुपारी जाते. पूर्वी थोरला धाकटीला हाताला धरून नेत असे आणि आणत असे. आता तो साडेबाराला घरी येईपर्यंत तिची निघायची वेळ होऊन गेलेली असते. तिला कोण सोडणार, हा आमच्या घरातील रोजचा प्रश्न आहे. चिंचेचा पार मलाही आठवतो, पण मूल शाळेपर्यंत सुखरूप पोहोचले तरच पुढचे सारे.

पुढील वर्षी शाळा कळंब्याकडे जाईल तेव्हा हा प्रश्न दुप्पट होईल. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे धोरण आहे, मात्र तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. नववी-दहावीच्या मुलांच्या अंतराबद्दल तो काही बोलत नाही. पेठेतील ज्या घरांत दुचाकी नाही, त्यांची मुले त्या शाळेत टिकतील का? शाळेचे नाव, घंटा, पायरी सारे कळंब्याला पोहोचेल आणि पेठेतील मुले मात्र मागे राहतील, तर ती शाळा आमची कशी म्हणायची?

केएमटीची, म्हणजे महापालिकेच्या शहर बसची, शाळेच्या वेळेला जुळणारी फेरी मिळावी यासाठी पालकांनी एकत्रित अर्ज करावा, आणि तो पुढच्या मेमध्ये नव्हे तर आता करावा. अर्जाला वेळ लागतो.

खडूफळा

उद्यमनगर_पाळी यांचे म्हणणे माझ्या पहिल्या प्रतिसादात यायला हवे होते. पट का घसरतो याचे कारण मी ‘पालक घाबरतात’ असे लिहिले, ते अपुरे होते. पालक वेळेच्या आणि अंतराच्या गणितात हरतात. अर्जासोबत वस्त्यांनुसार विद्यार्थीसंख्या जोडावी. किती मुले कोठून चढणार हे कागदावर दिसले तर फेरीचा विचार होण्याची शक्यता वाढते. तो तक्ता करून देण्याची जबाबदारी मी घेतो. मला फक्त वर्गवार पत्त्यांची यादी लागेल आणि ती मुख्याध्यापकांच्या परवानगीनेच द्यावी.

दहावी_अ

मी दहावीत आहे आणि आईच्या परवानगीने लिहितो आहे. सगळे मोठे लोक लहान मुलांविषयी लिहीत आहेत, म्हणून आमचेही सांगतो.

आमचे हे शेवटचे वर्ष आहे. पाचवीपासून आम्ही पाहिले की दहावीच्या मुलांना शेवटच्या वर्षी काय काय करायला मिळते: शाहू जयंतीच्या फेरीत लेझीम पथकाच्या पुढे राहणे, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन करणे, पाचवीच्या मुलांची परिपाठाची तयारी करून घेणे. या वर्षी २६ जूनला शाळा दोन ठिकाणी असल्यामुळे आमची फेरी निघाली नाही. आम्ही काही बोललो नाही, कारण सर आधीच खूप धावपळ करत होते. नव्या इमारतीत आम्ही कधीच शिकणार नाही आणि जुनी इमारत पाडली जाईल. निकालानंतर दाखला आणायला जाऊ तेव्हा कोठे जायचे, हेही आम्हांला नीट माहीत नाही.

फुटबॉलचाही प्रश्न आहे. पेठेत मैदानाची अडचण नेहमीची आहे. गांधी मैदान पावसाळ्यात पाण्याखाली असते आणि राजारामपुरीच्या इमारतीला फक्त फरसबंद अंगण आहे. पूर्वी शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही पहाटे सराव करत होतो. तिला आता पत्रे मारले आहेत. आमच्या संघात आठवीचे पाच जण आहेत. या वर्षी सराव झाला नाही तर पुढच्या वर्षी त्यांना शिकवायला आम्ही नसणार.

दगडचुना

दहावी_अ, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. पत्रे मारलेली जागा धोकादायक भिंतीच्या पडझडीच्या टप्प्यात असेल तर ती बंदच राहिली पाहिजे. ढोबळमानाने भिंतीच्या उंचीइतके अंतर तरी सोडावे लागते. त्यापलीकडे जागा उरते का, हे मोजून सांगता येईल. संस्थेची लेखी परवानगी मिळाल्यास मी विनामूल्य पाहणी करून देईन. मात्र परवानगीशिवाय कोणीही पत्र्यांच्या आत जाऊ नये, हे तुझ्या मित्रांनाही सांग.

भवानीमंडप

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी पुण्याहून आलो तेव्हा रंगकर्मी, प्रेक्षक आणि पडद्यामागचे कामगार तेथे उभे होते. अनेकजण रडत होते आणि कोणी कोणाला ‘रडू नका’ म्हणत नव्हते. १९१५ पासूनची ती वास्तू होती. त्या दिवशी मला वाटले की, माणसांना एकत्र उभे राहून शोक करायला जागा आणि वेळ मिळणे आवश्यक असते. आपल्या शाळेच्या मुलांना ती मिळाली का? शाळेला कुलूप लागले तेव्हा सुट्टी सुरू होती. मुले एप्रिलमध्ये परीक्षा देऊन घरी गेली आणि जूनमध्ये थेट दुसऱ्याच इमारतीत आली. निरोप घेणे राहून गेले. दहावी_अ याच्या प्रतिसादात मला तेच जाणवते.

पाडकामाच्या आधी एक दिवस, पत्र्यांच्या बाहेर, रस्त्यावर उभे राहून का होईना, दोन्ही ठिकाणच्या मुलांना एकत्र आणता येईल का?

करवीरकन्या

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. या काळात जे झाले ते क्रमाने सांगते.

सकाळचंसत्र ताई, आपला प्रतिसाद मी आमच्या वर्गशिक्षिकांना वाचून दाखवला. त्या यजमान शाळेत जाऊन भेटल्या. आता फळ्यावर चौकट नाही. सकाळचा सुविचार बाजूच्या लहान फलकावर गेला आहे आणि सॉफ्टबोर्डच्या अर्ध्या भागावर आमच्या मुलांचे भित्तिपत्रक लागले आहे. मुलीने त्यात जुन्या शाळेच्या जिन्याचे चित्र काढले आहे आणि कठड्याचे गज मोजून बरोबर तेवढेच दाखवले आहेत. बाकावरच्या चिठ्ठ्याही सुरू झाल्या आहेत. आपली शाळा हीच आहे का, हे मी विचारणार नाही.

भवानीमंडप यांनी सुचवलेला निरोप गेल्या शनिवारी झाला. शाळेच्या दारासमोरच्या गल्लीत, वाहतूक थोडा वेळ थांबवून, दोन्ही ठिकाणची मुले उभी राहिली. भाषणे ठेवली नव्हती. घंटा राजारामपुरीच्या अडगळीच्या खोलीत सापडली होती. शिपाईमामांनी ती दोघा मुलांच्या खांद्यावरच्या बांबूला टांगून दिली. परिपाठ झाला, प्रतिज्ञा झाली आणि मग दहावीच्या मुलांनी आपापल्या वाट्याला आलेल्या पाचवीच्या मुलाचा हात धरून त्याला मंगळवार पेठेपर्यंत चालत नेले. पाऊस होता. माझ्या वेळच्या एक बाई, ज्यांना आता चालताना काठी लागते, त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक मुलाला ‘पुढच्या वर्गात भेटू’ म्हणत होत्या, जसे त्या आम्हांला निकालाच्या दिवशी म्हणत असत.

त्या दिवसापासून एक व्यवस्था सुरू झाली आहे आणि तिचे श्रेय उद्यमनगर_पाळी यांच्या प्रश्नाला आहे. शिवाजी पेठेतील ज्या पाचवी-सहावीच्या मुलांना सोडायला घरी कोणी नसते, त्यांना गल्लीनुसार एकत्र करून दोन पालक आणि भवानीमंडप यांच्या तुकडीतील एक जण चालत नेतात. रांगेत आज सोळा मुले आहेत. शनिवारी दोन्ही सत्रे लवकर सुटत असल्याने त्या दिवशी मोठी भावंडेही येतात. वाचनाचा तास सध्या शुक्रवारऐवजी शनिवारी त्याच वेळेत बसवला आहे आणि तो नववीची मुलेच घेतात.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. सातवीतील तीन आणि आठवीतील चार मुलांनी दाखले काढले. त्यांच्या घरी आम्ही उशिरा पोहोचलो. केएमटीकडे अर्ज दिला आहे, खडूफळा सरांनी केलेला वस्त्यांचा तक्ता त्याला जोडला आहे आणि पोच मिळाली आहे, परंतु उत्तर आलेले नाही. फुटबॉलसाठी दगडचुना यांनी मोजून दिलेली जागा सरावाला अपुरी ठरली. एका तालमीने आठवड्यातून दोन पहाटे आपल्या सरावाच्या मैदानाचा अर्धा भाग देऊ केला आहे. तेथपर्यंत मुलांना नेणाऱ्या शिक्षकाची वेळ अजून जमत नाही. जनरल रजिस्टरच्या स्कॅनिंगचे काम चालू आहे. झिजलेल्या पायऱ्या निविदेत नोंदवून घेतल्या आहेत, मात्र त्यांतील एक उतरवताना मधोमध तडकेल अशी भीती दगडचुना यांना वाटते.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता कळंब्याच्या जागेवर पाहणी ठेवली आहे. पायऱ्या कोणत्या प्रवेशाला बसवायच्या आणि घंटा कोठे टांगायची, हे तेथे उभे राहूनच ठरवायचे आहे. दहावीची मुले येणार आहेत आणि घंटेची जागा त्यांनीच निवडावी, असे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी छत्री जरूर आणावी, कारण तेथे अजून आडोशाला काहीही नाही.